दारावर काय लिहायचं

दोन यंत्रांचं जमवून द्यायला गेलेला, ते उत्तम जमवून दिलेला, आणि येताना आजूबाजूच्या सगळ्या माणसांत बेबनाव करून आलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझे थोरले साडू. साडू हे नातं मुळातच अधांतरी. रक्ताचं नाही, मैत्रीचं नाही, धड भांडणाचंही नाही; एकाच सासऱ्याच्या घरचं मटण दोघांनी खाल्लंय एवढाच काय तो पुरावा. पण आमच्या बाबतीत ते घरापुरतं राहिलं नाही. मी भाईंदर पूर्वेच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या गाळ्यात ड्राफ्ट्समन होतो. आमच्याकडे कारखान्यांसाठी कंट्रोल पॅनेल बनायची, म्हणजे कपाटाएवढ्या पत्र्याच्या पेट्या; आत तारांचं जंगल आणि दारावर लाल-हिरवे दिवे. ऐंशीचं दशक संपता संपता या पेट्या एकमेकींशी बोलायला लागल्या, आणि त्यांना बोलायला शिकवणारा माणूस आमच्या शेठना हवा झाला. मी हे घरी बोललो मात्र, बायको म्हणाली, "मग आमचे दाजी आहेत की!" अशा रीतीने साडू माझ्या ऑफिसात आले. पूनम सागर या आमच्या वसाहतीत आमच्या समोरच्याच बिल्डिंगमध्ये त्यांनी घरही घेतलं. म्हणजे मला सुटी अशी कुठूनच मिळेना.

ते मूळचे मराठवाड्यातले, औरंगाबादचा डिप्लोमा. उंच, सावळे, आणि कायम टाय लावलेले. आमच्या इस्टेटमध्ये टाय लावणारा दुसरा प्राणी नव्हता. मे महिन्यात गाळ्याचा पत्रा तापून आम्ही सगळे बनियनवर आलेलो असताना साडू पांढऱ्याशुभ्र शर्टावर निळा टाय लावून पेटीत डोकं घालून बसलेले असत. "पॅन्टला इस्त्री नसेल तर वायरिंग सरळ होत नाही," असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी आमच्या वायरमनला ऐकवलंही होतं. हा वायरमन काशीगावचा, हाफ पॅन्टवर काम करणारा. त्याने एकदा स्वतःच्या गुडघ्यांकडे बघितलं आणि म्हणाला, "मला इस्त्री कराला जागाच न्हाय, सायेब." या टायचा एक परिणाम असा व्हायचा, की साडू कुठल्याही कारखान्याच्या फाटकातून आत शिरले की लोक त्यांना सरकारी इन्स्पेक्टर समजत. एका रंगाच्या कारखान्यात ते फक्त एक केबल बघायला गेले होते. मालकाने त्यांना काजू खाऊ घातले, अर्धे कामगार मागच्या दाराने बाहेर काढले आणि उरलेल्यांना हेल्मेटं वाटली. साडूंनी काजू खाल्ले, केबल बघितली आणि जाताना मालकाला सांगितलं, "हेल्मेटं चांगली आहेत. रोज वापरा." पुढे ती रोज वापरली जायची, असं ऐकलं.

तारेचा सांधा वाईट दिसला की त्यांना अन्न गोड लागत नसे. त्या वर्षांत आमच्याकडे नुकतंच केबल टीव्हीचं वेड आलं होतं आणि केबलवाल्याची पोरं या गच्चीवरून त्या गच्चीवर दोरीवर कपडे टाकावेत तशी वायर टाकत. साडूंनी एक रविवार गाठून गच्चीवर चढून सगळे सांधे उघडले. "लाइन जिथे संपते तिथे ती नीट बंद करावी लागते. नाहीतर निरोप टोकाला जाऊन आपटतो आणि परत येतो. आपल्याच मागच्या शब्दांवर पुढचे शब्द आदळतात," असं त्यांनी मला पक्कड धरायला लावून समजावून सांगितलं. संध्याकाळपर्यंत समोरच्या तिन्ही बिल्डिंगमध्ये आरशासारखं चित्र दिसायला लागलं. त्यांच्या स्वतःच्या बिल्डिंगमध्ये काहीच दिसेना, आणि त्या दिवशी भारत-पाकिस्तान सामना होता. जिन्यावर जमलेल्या लोकांना ते म्हणाले, "मुंग्या मुंग्या दिसण्यापेक्षा काहीच न दिसणं चांगलं. निदान फसवणूक तरी होत नाही." हे लोकांना पटलं, असं म्हणता येणार नाही.

पण खरा त्यांचा शत्रू शब्द. चुकीच्या जागी बसलेला शब्द दिसला की साडू जागचे हलत नसत. त्यांच्या बिल्डिंगमध्ये लिफ्टशेजारी एक पाटी होती: 'नोकरांनी लिफ्ट वापरू नये.' साडूंनी पहिल्याच आठवड्यात सोसायटीच्या सेक्रेटरींना गाठून अतिशय नम्रपणे विचारलं, "मी नोकरी करतो. मी लिफ्ट वापरू का?" सेक्रेटरी हसले. साडू हसले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी ऑफिसं सुटायच्या वेळेला ते खाली लिफ्टपाशी उभे राहून प्रत्येकाला विचारू लागले, "आपण नोकरी करता की धंदा?" बँकेतले, विमा कंपनीतले, मंत्रालयातले सगळे ओशाळे होऊन जिन्याकडे वळत. धंदेवाले तेवढे लिफ्टने जात, तेही मान खाली घालून. स्वतः साडू पाच मजले चढत-उतरत. शेवटी पाटी निघाली. कुणाचं मत बदललं म्हणून नव्हे, सेक्रेटरीही नोकरी करत होते आणि त्यांचे गुडघे दुखत होते.

एवढी प्रस्तावना अशासाठी, की पुढे जे झालं ते ऐकताना कुणाला नवल वाटू नये.

उत्तनच्या बाजूला एका कोळी बाईंचं मासळी साठवायचं कोल्ड स्टोरेज होतं. सगळे त्यांना मावशी म्हणत. नवऱ्यामागे त्यांनी आधी होड्या सांभाळल्या, मग बर्फ, मग हे. आठ थंड खोल्या होत्या आणि प्रत्येक खोलीबाहेर एकेक माणूस आळीपाळीने उभा राहून आतली थंडी बघायचा. मावशींना ती थंडी आता ऑफिसात बसल्या जागी कॉम्प्युटरवर दिसायला हवी होती. काम आमच्याकडे आलं. आठ खोल्यांना आठ पेट्या, सगळ्यांना जोडणारी एकच दुपदरी तार, आणि ऑफिसात कॉम्प्युटर. कॉम्प्युटरने एकेका पेटीला नंबराने हाक मारायची: तुझ्याकडे थंडी किती? तिने आकडा सांगायचा. मग पुढचीला. विचारल्याशिवाय कुणी बोलायचं नाही, नाहीतर एकाच तारेवर सगळ्यांचा गलका होतो. या बोलण्याच्या रीतीला प्रोटोकॉल म्हणतात, आणि या रीतीत विचारणाऱ्याला पुस्तकातलं नाव आहे मास्टर, आणि उत्तर देणाऱ्याला स्लेव्ह. धनी आणि गुलाम.

साडूंनी हा शब्द वाचला आणि पुस्तक मिटलं. "साडूभाऊ, हे आपण लिहायचं नाही," ते म्हणाले.

"अहो, जगभर हाच शब्द आहे."

"विचारल्याशिवाय न बोलणं हा सभ्यपणा आहे. त्याला गुलामी कोण म्हणतं?"

मग नवा शब्द शोधायला सुरुवात झाली. आधी 'मुख्य आणि दुय्यम'. पण दुय्यम म्हणजे कमी, आणि खोल्या नसतील तर तो कॉम्प्युटर काय कामाचा, म्हणून ते गेलं. मग 'गुरू आणि शिष्य'. त्यावर आमचा वायरमन म्हणाला, "ह्यो कसला गुरू? समदं शिष्यालाच ठावं, गुरू नुसता इचारतो." तेही गेलं. मी 'सासू आणि सून' सुचवलं. ते साडूंच्या घरी जेवताना सुचवलं ही चूक झाली. मेहुणीने त्या दिवशी मला दुसऱ्यांदा रस्सा विचारला नाही. अखेर साडूंनी ठरवलं: 'विचारणारा आणि सांगणारा'. माझ्याकडून ट्रेसिंग पेपरवर इंग्रजीतही तसं लिहून घेतलं, एन्क्वायरिंग स्टेशन आणि रिपोर्टिंग स्टेशन.

मावशींनी कामावर देखरेखीसाठी एक सल्लागार नेमले होते. मुंबईहून टॅक्सीने येणारे, सोनेरी काडीचा चष्मा, बोलणं मऊ. त्यांनी ड्रॉइंग बघितलं आणि विचारलं, "हे काय, रेल्वेची इन्क्वायरी आहे का?" लाल पेनने दोन्ही शब्द खोडून त्यांनी जुने शब्द लिहिले. शेठ माझ्या टेबलाशी आले. "देखो ने भाई, जैसा साहब बोलते हैं, लिख दो." मी स्टेन्सिल लावून सुबक अक्षरात 'स्लेव्ह' लिहिलं. संध्याकाळी साडूंनी ते ब्लेडने खरवडायला लावलं. सकाळी शेठनी पुन्हा लिहायला लावलं. मी दोघांचंही ऐकत होतो. असं करता करता एके दिवशी नेमकं त्या जागी ट्रेसिंग पेपरला भोक पडलं आणि मग काही दिवस तिथे कुठलाच शब्द नव्हता. तो काळ सर्वांत शांततेचा गेला.

मग दारावरच्या पाट्या बनून आल्या. काळ्या ॲक्रिलिकवर पांढरी अक्षरं, स्लेव्ह एक ते स्लेव्ह आठ. शेठनी त्या वायरमनच्या हातात दिल्या. त्याने साडूंना विचारलं, "काय लिवलंय, सायेब?"

"गुलाम."

वायरमनने पाट्या टेबलावर ठेवल्या आणि तो चहाला निघून गेला. शेठनी स्वतः स्क्रू ड्रायव्हर उचलला. पहिलाच स्क्रू घरंगळत पेटीखाली गेला आणि शेठ कमरेतून वाकू शकत नसत. "तुमच्या हाताने लावा की," ते साडूंना म्हणाले. साडूंनी टाय सारखा केला. "शेठ, पुस्तकात काय लिहिलंय ते पुस्तक उघडणाऱ्यालाच दिसतं. ही पाटी दाराला लागणार. त्या दारासमोर मासळी आत-बाहेर करायला दिवसभर एक माणूस उभा राहणार. येणारा-जाणारा आधी पाटी वाचणार आणि मग खाली माणूस बघणार. ही पाटी लागली तर मी काम चालू करून देणार नाही. दुसरा माणूस बघा." आता, अख्ख्या मीरा-भाईंदरमध्ये दुसरा माणूस नव्हता, हे शेठना ठाऊक होतं. आणि साडूंच्या घराचे हप्ते चालू होते, हे मला ठाऊक होतं.

त्या दिवशी आम्ही मिठागरांच्या कडेने चालत घरी निघालो. नोकरी सांभाळा, मुलींच्या शाळा आहेत, असं मी थोडंफार बोललो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "माझा बाप गावचा निरोप्या होता, साडूभाऊ. आमच्या घराकडे कामच ते. गावात कुणी मेलं की पंचक्रोशीत सांगायला बापाला पळवायचे. ऊन म्हणू नका, चिखल म्हणू नका. सांगून झालं की दारातून टाकलेली भाकर घेऊन माघारी. पण निरोप कधी चुकला नाही त्याचा. मेलेल्याचं नाव, माती कधी, सगळं बिनचूक. आख्ख्या गावाचं गणगोत त्याच्या पायांवर चालायचं, अन् त्याला हाक मारायचे ती…" ती हाक काय होती ते त्यांनी सांगितलं नाही. "सांगणारा हलका नसतो," एवढंच म्हणाले.  मग त्यांनी समोरच्या खांबाकडे बोट दाखवलं आणि टेलिफोनची तार विजेच्या तारेला इतकी खेटून नेणाऱ्या माणसाला काय शिक्षा द्यावी, यावर ते घरापर्यंत बोलत राहिले.

शेवटी पाट्यांशिवायच पेट्या उत्तनला गेल्या आणि निकाल तिथेच लागायचा होता. सल्लागार आले, शेठ आले, मी ड्रॉइंगची गुंडाळी घेऊन गेलो. सल्लागार आवाज न चढवता म्हणाले, "अहो, ही परिभाषा आहे. जगभर हा शब्द वापरतात. यात कुणा माणसाचा अपमान नाही."

"वापरत असतील," साडू म्हणाले. "जगभर माणसंही वापरलेली आहेत."

सल्लागारांनी चष्मा काढून पुसला. पुसायला गरजेपेक्षा जास्त वेळ घेतला. मग म्हणाले, "कागदावर जे आहे ते राहील. तिथे मी बदल करू शकत नाही. दारावर काय लिहायचं हा माझ्या अखत्यारीतला विषय नाही." शेठनी सुटकेचा निःश्वास टाकला. साडूंनी खिशातून लगेच कागद काढला. त्यावर त्यांनी मोठ्या अक्षरात लिहून आणलं होतं: सांगणारा एक, सांगणारा दोन.

इतका वेळ मावशी दारात उभ्या राहून ऐकत होत्या. त्यांनी कागद हातात घेऊन वाचला. "सांगनारा कोन?" त्यांनी विचारलं.

"ही पेटी, मावशी. खोलीत थंडी किती ते ही सांगते."

"आरं, पन खोली हाय ना ती? मंग खोली लिव. खोली एक, खोली दोन. माज्या पोरांना त्येवढं वाचता येतंय."

साडू त्यांच्याकडे बघत राहिले. कित्येक आठवड्यांच्या वादात हा शब्द आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. मग ते हसायला लागले. त्यांना मोठ्याने हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हसताना ते फार लहान दिसले. त्यांनी आपला कागद घडी करून खिशात ठेवला आणि वायरमनला खडू दिला. त्याने आठही दारांवर आपल्या गोल अक्षरात 'खोली' लिहिलं. पुढे रंगाने लिहिलं तेही त्याच्याच अक्षरात.

मग कॉम्प्युटर चालू केला. पहिल्या तीन खोल्यांनी नीट उत्तर दिलं. चौथीला विचारलं की पडद्यावर नुसता कचरा येई, आणि पाचवी मुळीच बोलत नव्हती. बाहेर मासळीचे टेम्पो येऊन उभे होते, बर्फाचं पाणी रस्त्यावर गळत होतं, आणि मावशी एकदा टेम्पोकडे, एकदा साडूंच्या टायकडे बघत होत्या. चौथी आणि पाचवी खोली आतल्या बाजूला, दोन्ही पेट्या गारठ्यात. मावशींनी साडूंच्या खांद्यावर गोणपाट टाकलं. टायवर गोणपाट पांघरून साडू उकिडवे बसले, आणि त्यांच्या शेजारी, मला अजून आश्चर्य वाटतं, ते सल्लागार बसले. त्यांच्याही खांद्यावर गोणपाट होतं. ते बॅटरी धरत होते आणि साडू एकेक स्क्रू काढत होते. दोघांच्या तोंडातून वाफ येत होती. थोड्या वेळाने साडू उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "चूक माझी आहे. दोन्ही पेट्यांना मी एकच नंबर दिलाय. चौथीला हाक मारली की दोघी एकदम बोलतात. भांडणाच्या नादात माझं लक्ष नव्हतं." नंबर बदलला, आकडे आले, टेम्पो आत गेले. सल्लागारांनी गोणपाटाची नीट घडी केली आणि म्हणाले, "लक्ष माझंही नव्हतं. तपासायचं काम माझं होतं." दोघांनी एकमेकांशी हात मिळवला नाही, पण चहा एकाच किटलीतला घेतला.

परत येताना साडू वाटेत मधूनच स्वतःशी 'खोली' म्हणत होते आणि मान हलवत होते.

कागदांवर मात्र तो शब्द राहिलाच. काम पूर्ण झाल्याच्या कागदांवर साडूंनी सही केली नाही, शेठनी त्यांच्या जागी स्वतः केली. त्यानंतर शेठ वाईट वागले असं नाही, पण जिथे सल्लागार असेल अशा कामावर त्यांनी साडूंना पाठवलं नाही; आणि पुढेपुढे सगळ्याच कामांवर सल्लागार असायला लागले. साडू गाळ्यात बसून दुरुस्त्या करू लागले. शब्दांवरून वाद घालायला समोर कुणी नसल्यामुळे त्यांची तब्येत उतरली, असं मेहुणी म्हणायची. नव्वदचं दशक संपायच्या सुमाराला त्यांनी मराठवाड्यातल्या एका साखर कारखान्यात नोकरी धरली आणि पूनम सागरमधलं घर विकून ते गेले. बायको महिनाभर समोरच्या त्यांच्या खिडकीकडे बघून भांडी जोरात आपटत होती.

एकदा तिकडच्या एका लग्नाला गेलो तेव्हा मुद्दाम कारखान्यावर जाऊन त्यांना भेटलो. केस पांढरे झाले होते, आवाज तोच होता. गळिताचा हंगाम होता, सगळीकडे मळीचा वास. त्यांनी हाताखालच्या पोरांना गोळा केलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "हे माझे साडू. मुंबईला ड्रॉइंग काढतात. एकदा यांना ड्रॉइंगवर एक घाणेरडा शब्द लिहायला सांगितला होता. नोकरी जाईल म्हणून मालकाने धमकावलं. यांनी लिहिला नाही. कागदाला भोक पडलं, पण लिहिला नाही." पोरं माझ्याकडे आदराने बघायला लागली. एकाने वाकून नमस्कार केला. मी साडूंकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. त्यांना ते खरोखरच तसं आठवत होतं.

बस स्टँडवर ते मला सोडायला आले. गाडी भरलेली होती, तरी कंडक्टरशी हुज्जत घालून त्यांनी मला खिडकीची जागा मिळवून दिली. गाडी निघाली तेव्हा ते खिडकीच्या बाजूने चालत, हातवारे करत मला काहीतरी बजावून सांगत होते. इंजिनाच्या घरघरीत एक अक्षर ऐकू येत नव्हतं. गाडी फाटकाबाहेर वळेपर्यंत ते बोलत राहिले, आणि मी प्रत्येक वाक्याला मान डोलावत राहिलो.